विद्यापीठाच्या दप्तरातला कागद कसा मागावा: महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठे आणि माहितीचा अधिकार

२०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय मुंबई विद्यापीठाने घेतला, निकाल महिनोन्महिने रखडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. अशा वेळी विद्यार्थी आणि पालक जो पहिला प्रश्न विचारतात तो ‘निकाल का लागला नाही?’ असा असतो. माहितीच्या अधिकाराच्या अर्जात नेमका हाच प्रश्न सर्वांत कमी उपयोगाचा ठरतो. त्याऐवजी नव्या मूल्यांकन पद्धतीला मंजुरी देणाऱ्या बैठकीचे इतिवृत्त, निविदेचा तुलनात्मक तक्ता, कंपनीशी झालेला करार आणि विलंबाबद्दल कुलपतींना पाठवलेला अहवाल यांच्या प्रती मागितल्या, तर त्याच प्रश्नाचे उत्तर सही-शिक्क्यासह हाती येते. अर्ज, शुल्क आणि अपील यांची सारी पद्धत आपण कोणता कागद मागतो याच्यावर अवलंबून असल्यामुळे या लेखात सर्वाधिक जागा त्यालाच दिली आहे.

कोणते विद्यापीठ कोणाच्या कक्षेत

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. मुंबई, सावित्रीबाई फुले पुणे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर, शिवाजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा, संत गाडगेबाबा अमरावती, गोंडवाना आणि त्यांच्या जोडीची इतर राज्य विद्यापीठे या कायद्याखाली चालतात. विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेली असल्यामुळे ती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या अर्थाने सार्वजनिक प्राधिकरणे आहेत, याबद्दल वाद नाही. त्यांच्याबाबतचे दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे जाते. मुंबईची आयआयटी किंवा वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय या संस्था मात्र केंद्राच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे त्यांना केंद्राचे नियम लागू होतात आणि दुसरे अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे करावे लागते. गोवा विद्यापीठाचे अपील गोवा राज्य माहिती आयोगाकडे जाते.

महाविद्यालयांची स्थिती थोडी गुंतागुंतीची आहे. शासनाकडून भरीव अनुदान घेणारी संस्था माहिती अधिकार कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात स्पष्ट केले. अनुदानित महाविद्यालयाने ‘आम्ही खासगी संस्था आहोत’ असे उत्तर दिले, तर या निकालाचा आधार घ्यावा. विनाअनुदानित महाविद्यालयाबाबत सरळ त्याच्याशी भांडत बसण्यापेक्षा विद्यापीठाच्या दाराने जाणे सोपे असते. एखाद्या खासगी संस्थेची जी माहिती सार्वजनिक प्राधिकरणाला इतर कायद्यानुसार मिळवता येते, तीही ‘माहिती’च्या व्याख्येत बसते. संलग्नतेसाठी सादर केलेला प्रस्ताव, स्थानिक चौकशी समितीचा अहवाल, मान्यताप्राप्त शिक्षकांची यादी हे सर्व विद्यापीठाच्या संलग्नता विभागात असते. कागदावर दाखवलेले शिक्षक आणि वर्गात दिसणारे शिक्षक यांच्यातला फरक बहुधा याच नस्तीत, म्हणजे फाइलमध्ये, सापडतो.

अर्जाआधी संकेतस्थळ तपासावे

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) नुसार प्रत्येक प्राधिकरणाने १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. त्यांत अधिकाऱ्यांची कर्तव्ये, निर्णय घेण्याची पद्धत, दप्तरातील कागदपत्रांचे प्रकार, समित्या व मंडळे, वेतन, अंदाजपत्रक आणि जन माहिती अधिकाऱ्यांची, म्हणजे अर्ज घेऊन माहिती देणाऱ्या अधिकाऱ्यांची, नावे येतात. बहुतेक विद्यापीठांच्या संकेतस्थळावर या नावाचे एक पान असते आणि ते बहुधा जुने असते, पण जुने असले तरी कोणत्या विभागात कोणत्या नोंदवह्या ठेवल्या जातात हे त्यावरून कळते. अर्ज लिहिताना हीच माहिती सर्वांत मोलाची असते.

अर्जाशिवाय मिळणारे साहित्यही पुष्कळ आहे. नॅकसाठी म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेसाठी तयार केलेला स्वयंमूल्यमापन अहवाल आणि वार्षिक गुणवत्ता अहवाल, राष्ट्रीय क्रमवारीसाठी म्हणजे एनआयआरएफसाठी भरलेली आकडेवारी, वार्षिक अहवाल आणि अंदाजपत्रक हे संकेतस्थळावर शोधावे. पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात असतात. यांतली एक तुलना मुद्दाम करून पाहावी. क्रमवारीसाठी कळवलेली पूर्णवेळ शिक्षकांची संख्या आणि अंदाजपत्रकात वेतनासाठी धरलेली पदे यांचा मेळ बसत नसेल, तर अर्जाचा विषय तिथेच मिळतो आणि विद्यापीठाचेच दोन दस्तऐवज समोर ठेवून मागणी करता येते.

कागदाचे नाव शोधणे

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये डॉ. सेल्सा पिंटो विरुद्ध गोवा राज्य माहिती आयोग या प्रकरणात ‘का’ या प्रश्नाचे उत्तर हे ‘माहिती’त मोडत नाही असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात सांगितले की, दप्तरात जी माहिती आहे तीच द्यायची आहे, नवी माहिती तयार करून किंवा मत बनवून देण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नाही. त्यामुळे ‘आमच्या विभागाला निधी कमी का दिला?’ असे विचारणाऱ्याला ‘प्रश्नार्थक माहिती देय नाही’ असे एका ओळीचे उत्तर मिळते, आणि खेदाची बाब अशी की ते कायद्याला धरूनच असते.

यावर उपाय म्हणजे निर्णयाचा माग काढणे. विद्यापीठातला निर्णय सहसा टिपणीने सुरू होतो. कक्षाधिकारी टिपणी मांडतो, उपकुलसचिव आणि वित्त व लेखा अधिकारी शेरे देतात, कुलसचिवांकडून ती कुलगुरूंकडे जाते, विषय मोठा असेल तर तो एखाद्या प्राधिकरणाच्या कार्यक्रमपत्रिकेवर येतो, तिथे ठराव होतो, इतिवृत्त पुढच्या बैठकीत कायम होते आणि मग परिपत्रक निघते. परिपत्रक सर्वांना दिसते. त्याच्या आधीचे कागद मागायचे असतात, कारण खरी कारणे टिपणीच्या शेऱ्यांत असतात.

कोणता विषय कोणत्या प्राधिकरणाकडे जातो हे २०१६ च्या कायद्यात दिलेले आहे. अंदाजपत्रक अधिसभेसमोर येते. आर्थिक आणि प्रशासकीय निर्णय व्यवस्थापन परिषदेचे असतात. अभ्यासक्रम अभ्यास मंडळातून विद्यापरिषदेकडे जातो. परीक्षक, वेळापत्रक आणि निकाल हे परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे काम असते. खरेदीसाठी खरेदी समिती असते. व्यवस्थापन परिषदेची इतिवृत्ते गोपनीय असल्याचे काही ठिकाणी तोंडी सांगितले जाते, पण माहिती अधिकार कायद्यात असा सरसकट अपवाद कुठेही नाही. उलट समित्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि त्यांची इतिवृत्ते मिळतात का, हेच स्वतःहून प्रसिद्ध करण्याच्या १७ बाबींपैकी एक आहे.

निकालांच्या विलंबाचे उदाहरण पुढे नेऊ. २०१६ च्या कायद्यानुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न विद्यापीठाने करायचा असतो आणि ४५ दिवसांची मुदत ओलांडायची नसते. ती ओलांडली, तर परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांनी कारणांचा अहवाल कुलगुरूंमार्फत कुलपतींना द्यायचा असतो. म्हणजे ‘का’चे उत्तर देणारा कागद तयार करण्याची सक्ती कायद्यानेच केलेली आहे. तो अहवाल मागावा. तो अस्तित्वात नसेल, तर ‘असा अहवाल पाठवलेला नाही’ हे लेखी उत्तरही तितकेच उपयोगी पडते.

भरतीच्या बाबतीत बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गासाठी हे दाखवणारी यादी) आणि तिच्यावरील विभागीय आयुक्त कार्यालयातील मागासवर्ग कक्षाचा पडताळणी शेरा, जाहिरात, छाननी समितीचा अहवाल आणि निवड समितीचे इतिवृत्त हे कागद असतात. खरेदीच्या बाबतीत मागणीपत्र, निविदा सूचना, तांत्रिक आणि आर्थिक लिफाफ्यांचे तुलनात्मक तक्ते, खरेदी समितीचे इतिवृत्त, कार्यादेश, देयके आणि साठा नोंदवहीचे पान असतात. साठा नोंदवहीचे पान फारसे कोणी मागत नाही. वस्तू खरोखर आली का, हे मात्र तेच सांगते.

‘का’ विचारायचा एक मार्ग कायद्याने खुला ठेवलेला आहे. कलम ४(१)(घ) नुसार प्रशासकीय किंवा न्यायिकवत निर्णयाची कारणे ‘बाधित व्यक्तीला’ देण्याचे बंधन प्राधिकरणावर आहे. परीक्षेतील गैरप्रकाराबद्दल शिक्षा झालेला विद्यार्थी, नाकारलेली पात्रता, रद्द केलेला प्रवेश अशा प्रकरणांत अर्जदार स्वतः बाधित असेल, तर त्याने या कलमाचा उल्लेख करून कारणे मागावीत.

अर्ज लिहिणे

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात करतात. २०१२ च्या दुरुस्तीने दोन अटी आल्या आहेत. अर्ज एकाच विषयाशी संबंधित असावा आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांपेक्षा जास्त नसावा. पाच विषयांचा एक अर्ज करण्यापेक्षा पाच अर्ज करणे त्यामुळे शहाणपणाचे ठरते. अर्ज मराठीत चालतो. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नाही आणि विचारले तरी सांगू नये. अर्जदार भारताचा नागरिक असावा लागतो, त्यामुळे संघटनेच्या नावाने अर्ज न करता व्यक्तीच्या नावाने करावा.

माहितीचा तपशील साधारण असा लिहिता येईल:

‘विषय: उन्हाळी सत्र परीक्षेच्या निकालांना झालेला विलंब. कालावधी: १ मार्च ते ३१ ऑगस्ट (संबंधित वर्ष). १) वाणिज्य शाखेच्या तृतीय वर्ष परीक्षेची अखेरची तारीख आणि निकाल जाहीर झाल्याची तारीख दर्शवणाऱ्या नोंदींची साक्षांकित प्रत. २) मुदतीत निकाल न लागल्याबद्दल परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांनी कुलगुरूंमार्फत मा. कुलपतींना सादर केलेल्या अहवालाची साक्षांकित प्रत. अहवाल सादर केला नसल्यास तसे कळवावे. ३) या विषयावर वरील कालावधीत झालेल्या मंडळाच्या बैठकांच्या इतिवृत्तांच्या प्रती. ४) संबंधित नस्तीचे टिपणीसह अवलोकन.’

प्रत्येक मागणीत कागदाचे नाव, कालावधी आणि स्वरूप आहे. ‘संपूर्ण माहिती द्यावी’, ‘सर्व गैरव्यवहारांचा तपशील द्यावा’ अशा वाक्यांनी अर्ज जड होतो आणि नाकारणाऱ्याचे काम सोपे होते. आरोप तर अर्जात मुळीच करू नयेत.

अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि ते कोर्ट फी स्टॅम्प लावून भरणे सर्वांत सोयीचे असते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने प्रमाणपत्राची प्रत जोडल्यास शुल्क माफ होते. अर्ज आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा किंवा स्पीड पोस्टने पाठवून पोच जपावी. राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर आपले विद्यापीठ यादीत दिसत असेल, तर तिथूनही अर्ज करता येतो.

मोठ्या विद्यापीठांत विभागवार अनेक जन माहिती अधिकारी असतात. चुकीच्या टेबलावर अर्ज गेला, तर ‘हा विषय आमच्या विभागाचा नाही’ एवढे सांगून तो परत करता येत नाही. अधिकाऱ्याने ज्याच्याकडे माहिती आहे त्या सहकाऱ्याची मदत घ्यायची असते, आणि माहिती दुसऱ्याच प्राधिकरणाकडे असेल तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवायचा असतो.

मुदत, शुल्क आणि अवलोकन

उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. प्रतींसाठी दर पानाला २ रुपये लागतात. शुल्क कळवणारे पत्र निघाल्यापासून आपण पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरले जात नाहीत, त्यामुळे पत्र आल्यावर लगेच पैसे भरावेत. त्या पत्रात पानांची संख्या आणि हिशेब असायला हवा. मुदत उलटून गेल्यावर दिलेली माहिती मोफत द्यावी लागते. एकोणतिसाव्या दिवशी भले मोठे शुल्क कळवणारे पत्र पाठवण्याचा प्रकार घडतो, त्याला घाबरून अर्ज सोडू नये. अशा वेळी मागणी अवलोकनापुरती मर्यादित करून घेता येते.

अवलोकन, म्हणजे कार्यालयात जाऊन नस्ती स्वतः पाहणे, हा या कायद्यातला सर्वांत दुर्लक्षित हक्क आहे. पहिला तास मोफत असतो आणि नंतर दर १५ मिनिटांना ५ रुपये लागतात. राज्याच्या नियमांनुसार नस्ती पाहताना केवळ पेन्सिल जवळ ठेवता येते, पेन अधिकाऱ्याकडे जमा करावा लागतो. नस्ती समोर आली की आधी पृष्ठांकन पाहावे. पानांचे क्रमांक तुटलेले असतील, तर तसे तिथल्या तिथे लिहून देऊन त्याची पोच घ्यावी. मग टिपणीचा भाग वाचावा, हवी असलेली पाने नोंदवावीत आणि फक्त त्यांच्याच साक्षांकित प्रती मागाव्यात. शेकडो पानांचे शुल्क भरून त्यातली दहा उपयोगाची निघण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आहे, आणि नस्तीत काय नाही हेही त्यातून कळते.

उत्तरपत्रिका

स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि तिची प्रत घेण्याचा परीक्षार्थीचा हक्क आदित्य बंदोपाध्याय प्रकरणातल्या ९ ऑगस्ट २०११ च्या निकालाने प्रस्थापित झाला. परीक्षा मंडळ आणि परीक्षार्थी यांच्यातले नाते विश्वासाश्रित (म्हणजे विश्वासाने सोपवलेली माहिती गुप्त ठेवण्याचे) असल्याची सबब न्यायालयाने मान्य केली नाही. परीक्षकाची ओळख मात्र उघड करू नये असे सांगितले, म्हणून सही आणि नाव झाकलेली प्रत मिळते. विद्यापीठाच्या स्वतःच्या योजनेत छायांकित प्रतीचे शुल्क जास्त असले, तरी माहितीच्या अधिकारात अर्ज केल्यास त्या कायद्याच्या नियमांतलेच शुल्क लागू होते, ही भूमिका कंपनी सचिव संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये घेतली.

तरीही पुनर्मूल्यांकन करून घ्यायचे असेल, तर केवळ या अर्जावर विसंबू नये. पुनर्मूल्यांकनाची मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांत संपते आणि माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवस लागू शकतात. विद्यापीठाच्या योजनेतून प्रत मागणे तेव्हा महाग पण वेळेवर होणारे काम आहे. माहिती अधिकाराचा अर्ज त्यासोबत किंवा ती मुदत चुकल्यावर करावा. उत्तरपत्रिका ठराविक काळानंतर नष्ट केल्या जातात, म्हणून उशीर करण्यात अर्थ नसतो.

नकार आला तर

नकारपत्रात कलम, कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील असणे कलम ७(८) नुसार आवश्यक आहे. विद्यापीठांत वारंवार दिसणारे नकार तीन आहेत.

पहिला नकार ‘चौकशी सुरू आहे’ हा. कलम ८(१)(ज) मध्ये चौकशीला अडथळा येईल अशी माहिती नाकारता येते. केवळ चौकशी चालू असणे पुरेसे नसून अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याने सांगायचे असते.

दुसरा ‘त्रयस्थ पक्षाची माहिती’ हा. कलम ११ ही कार्यपद्धती आहे. त्रयस्थाला पाच दिवसांत नोटीस द्यायची, त्याला म्हणणे मांडायला दहा दिवस द्यायचे आणि अर्जापासून ४० दिवसांत निर्णय अधिकाऱ्याने स्वतः करायचा. त्रयस्थाचा आक्षेप आला की विषय संपला, असे होत नाही.

तिसरा आणि आता सर्वांत कठीण झालेला नकार वैयक्तिक माहितीचा. कलम ८(१)(ञ), ज्याला कार्यालयात इंग्रजी प्रतीवरून आठ-एक-जे म्हणतात, ते पूर्वी अटींसह होते. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अकारण आक्रमण करणारी माहितीच नाकारता येत होती, आणि विधिमंडळाला जी नाकारता येणार नाही ती नागरिकालाही नाकारू नये असे परंतुक होते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने केलेला बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाल्यापासून त्या अटी आणि ते परंतुक गेले आहेत. त्याआधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातल्या न्यायालयीन लिपिक भरतीच्या प्रकरणात निवड झालेल्या इतर उमेदवारांचे गुण देण्याच्या बाजूने निर्णय दिला होता. त्याचा आधार आजही मांडावा, पण तो जुन्या शब्दयोजनेवर उभा होता हे लक्षात ठेवून. माझ्या मते या दुरुस्तीने प्राध्यापक भरतीच्या छाननीला मोठा धक्का बसला आहे.

दोन आधार मात्र शिल्लक आहेत. कलम ८(२) नुसार सार्वजनिक हित हानीपेक्षा जास्त असेल, तर अपवादात बसणारी माहितीही देता येते. म्हणून हे हित नेमके कोणते, याचे चार वाक्यांचे विवेचन अशा प्रकरणात अर्जातच करावे, जरी कायद्याने कारण विचारलेले नसले तरी. आणि कलम १० नुसार नाकारण्याजोगा भाग झाकून उरलेला द्यावा लागतो. निवड समितीच्या गुणतक्त्यातील पत्ते, जन्मतारखा, दूरध्वनी क्रमांक झाकून निकषवार गुण द्यावेत, अशी मागणी सुरुवातीलाच केली तर पूर्ण नकार देणे अवघड जाते.

पहिले आणि दुसरे अपील

उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील करावे. महाराष्ट्रात त्यासाठी २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अपिलात तक्रारीचा सूर न ठेवता मागणीच्या क्रमांकानुसार मांडणी करावी: काय मागितले, काय मिळाले, काय राहिले आणि नकाराचे कलम का लागू होत नाही. निर्णय ३० दिवसांत, लेखी कारणे दिल्यास ४५ दिवसांत व्हायला हवा. सुनावणीला जमल्यास स्वतः जावे, कारण अपिलीय अधिकारी विद्यापीठातलाच वरिष्ठ असतो आणि त्याच्यासमोर नस्ती आणून दाखवण्याची विनंती करता येते. ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर असेल, तर शोध घेतल्याचे आणि कागद कोणत्या नियमाने, कोणत्या दिनांकाला नष्ट केले याची नोंद देण्याचे आदेश मागावेत.

त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या संबंधित खंडपीठाकडे दुसरे अपील करता येते. त्याचेही शुल्क २० रुपये आहे. आयोगासमोर नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी जन माहिती अधिकाऱ्यावर असते. आयोग विलंबासाठी दर दिवशी २५० रुपये, कमाल २५,००० रुपये, दंड त्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः लावू शकतो आणि अर्जदाराला भरपाई देण्याचा आदेशही देऊ शकतो. प्रलंबित प्रकरणांमुळे सुनावणीला बराच काळ लागतो, त्यामुळे अर्ज, आवक शिक्क्याची प्रत, पाकिटे, शुल्काच्या पावत्या आणि प्रथम अपिलाचा निर्णय यांचा क्रमवार संच सुरुवातीपासून जपावा.

कलम १८ ची तक्रार आणि कलम १९ चे अपील यांत गल्लत करू नये. तक्रारीवर आयोग दंडाचा विचार करतो, पण माहिती देण्याचा आदेश त्या कलमाखाली देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात ठरवले. कागद हवा असेल तर अपील करावे. अधिकाऱ्याने अर्जच स्वीकारला नाही किंवा जन माहिती अधिकारी नेमलेलाच नाही, अशा वेळी तक्रार करावी. दोन्ही हवे असल्यास दोन स्वतंत्र प्रकरणे दाखल करावीत आणि प्रत्येकात दुसऱ्याचा उल्लेख करावा.